टार्गेटकडे नको, मुलांच्या बोटाकडे बघा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या सरांनी विचारले आहे: शाळेच्या हॉलमध्ये 10 मीटरच्या दोन लेन केल्या आहेत. दोन एअर पिस्तुले आहेत, पाच मुले आहेत, सुरुवात करून तीन महिने झाले. मुले उजव्या हाताने नेम धरतात आणि छर्रे सारखे डावीकडे खाली जातात. एक मुलगी 40 शॉटमध्ये 400 पैकी 310 वर येऊन अडकली आहे. एका मुलाचा हात उजवा, पण डोळा डावा चालतो. 'मी स्वतः एनसीसीत रायफल चालवली, पिस्तूल कधी नाही. नीट लक्ष दे, एकाग्र हो, एवढेच सांगत राहतो. त्याशिवाय काय सांगू?'

सर, आधी एक विचारते. मूल नेम धरते तेव्हा तुम्ही कुठे उभे असता? बहुधा मागे, दुर्बिणीला किंवा स्क्रीनला डोळा लावून. पहिली दोन-तीन वर्षे मीही तिथेच उभी असायची. शॉट सुटला की 'सात, डावीकडे', पुन्हा सुटला की 'सहा, खाली'. मुलाला ते स्वतःलाही दिसते. जे त्याला दिसत नाही ते टार्गेटवर नसतेच. ते त्याच्या मनगटात असते, बोटात असते, खांद्यात असते. उद्यापासून मुलाच्या पिस्तुलाच्या हाताच्या बाजूला, खांद्याच्या थोडे मागे उभे राहा आणि टार्गेटकडे अजिबात बघू नका. ट्रिगरवरचे बोट, नळीचे टोक आणि चेहरा, एवढेच बघा. पहिल्या अर्ध्या तासात तुम्हाला जे दिसेल ते तीन महिन्यांच्या टार्गेटच्या कागदांनी दाखवलेले नसेल.

पण त्याआधी सुरक्षितता, कारण तुमची रेंज शाळेच्या हॉलमध्ये आहे. नळी नेहमी टार्गेटकडे. शॉट मारायच्या क्षणापर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पिस्तूल रिकामे असले तरी भरलेले समजायचे. हातात नसेल तेव्हा नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामे आहे हे दाखवणारी रंगीत दोरी. हे तुम्हाला एनसीसीतून पाठ असेलच. हॉलचे धोके मात्र वेगळे असतात. टार्गेटच्या बाजूला दार असेल तर सराव सुरू असताना त्याला आतून कडी हवीच. सुरुवातीच्या काळात एका शिबिरात दाराशी आलेल्या आईने हाक मारली आणि मुलगा पिस्तुलासकट वळला. पिस्तूल रिकामे होते. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे: कुणी हाक मारली तर आधी पिस्तूल टेबलावर, मग फ्लॅग, मग मान वळवायची. पहिल्या आठवड्यात मी छर्रा देतच नाही, हे एवढेच करून घेते, मुलांना स्वप्नात हाक मारली तरी हात आधी टेबलाकडे जाईल इतके. टार्गेटमागे तिरकी लोखंडी पेटी हवी. लाकडी फळीवर भरवसा ठेवू नका, छर्रा उलटून येऊ शकतो. डोळ्यांना चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही.

आता मुळाकडे येऊ. दहाचे वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचे असते आणि त्यानंतरची प्रत्येक कडी 8 मिमी रुंद. पिस्तुलावर नेम धरायला दोन साइट असतात, मागे खाच आणि पुढे उभी पट्टी. मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत साधारण 33 सेंमी अंतर असते. पुढची साइट मागच्या खाचेत 1 मिमी जरी एका बाजूला सरकली, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 30 मिमी सरकतो. म्हणजे जवळजवळ चार कड्या, दहाचा सात किंवा सहा. याउलट दोन्ही साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या असतील आणि अख्खा हातच 5 मिमी बाजूला गेला असेल, तर छर्राही 5 मिमीच बाजूला जातो, तो दहा किंवा नऊच राहतो. मुलांना हे सांगून पटत नाही, दाखवावे लागते. मी माडाचा एक लांब हीर घेते. तो हातात आडवा धरून अख्खा हात थोडा बाजूला नेला की टोकही तितकेच जाते. हात आहे तिथेच ठेवून नुसते मनगट किंचित वळवले की टोक कुठल्या कुठे जाते. एकदा हे डोळ्यांनी पाहिले की 'टार्गेट अस्पष्ट दिसू दे, पुढची साइट स्वच्छ बघ' या वाक्याला अर्थ येतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बघू शकतो. मुलांचा डोळा आपोआप काळ्या गोलाकडे पळतो, कारण तिथे मार्क मिळतात. तो पुढच्या साइटवर आणून ठेवायला शिकवणे हे तुमचे निम्मे काम आहे.

दुसरे निम्मे म्हणजे हलणाऱ्या हाताचा स्वीकार. नवीन मुलाला वाटते की चांगल्या नेमबाजाचा हात दगडासारखा स्थिर असतो. नसतो. मनू भाकरने जुलै 2024 मध्ये पॅरिसला 10 मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत 600 पैकी 580 मारले. अंतिम फेरीत कांस्यपदक घेणाऱ्या मुलीचेही 60 शॉटमध्ये 20 गुण गेले होते. तुमच्या मुलांना हे सांगाच. हात हलतो, हलणारच. प्रश्न तो हलताना बोट काय करते, याचा आहे.

आणि तुमचे 'डावीकडे खाली' नेमके इथेच तयार होते. नळी हलता हलता क्षणभर मधोमध येते, मुलाच्या मनात 'आत्ता!' होते आणि तो ट्रिगर ओढतो. पण त्या 'आत्ता'ला एकटे बोट ऐकत नाही. अंगठा आवळतो, खालची तीन बोटे आवळतात, मनगट किंचित वाकते. उजव्या हातात याचा परिणाम बहुतेक वेळा डावीकडे खाली दिसतो. भिंतीवर लावायचे तक्ते मिळतात, अमुक दिशेला शॉट गेला तर अमुक चूक असे दाखवणारे. ते मी लावत नाही. दोन-तीन चुका एकत्र झाल्या की त्यांचा काही उपयोग राहत नाही, आणि मुले तक्ता बघून स्वतःवरच औषध करायला लागतात.

खात्री करायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पिस्तूल तुम्ही कॉक करा आणि कधी छर्रा घाला, कधी घालू नका. मुलाला कळता कामा नये. नळी टार्गेटकडेच राहील असे त्याच्या हातात द्या. छर्रा नसताना ट्रिगर सुटल्यावर नळीचे टोक जागेवर राहिले तर बोट ठीक आहे. टोक खाली झुकले तर तुम्हाला कारण सापडले, आणि मुलालाही ते स्वतः दिसले. हे कॉम्प्रेस्ड एअरच्या पिस्तुलावरच करा. स्प्रिंगचे पिस्तूल असेल तर छर्रा न घालता कधीही सोडू नका, आतले सील खराब होतात.

ट्रिगरबद्दल आणखी थोडे. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन नियमाप्रमाणे किमान 500 ग्रॅम असावे लागते, म्हणजे पाण्याची अर्धा लिटरची बाटली ट्रिगरला टांगल्यासारखे. ते ओढायला जोर लागत नाही. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर, आणि दाब सरळ मागे. ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा हात टार्गेटवर उतरत असतानाच घ्यायला शिकवा. मग दुसऱ्या टप्प्यावर दाब हळूहळू वाढत राहतो आणि शॉट सुटतो. शॉट सुटल्यावर साइटकडे आणखी दोन सेकंद बघत राहायचे. छर्रा सेकंदाला साधारण 150 मीटरच्या वेगाने जातो, म्हणजे तो केव्हाच टार्गेटवर पोचलेला असतो, तरी या दोन सेकंदांचा सराव नसेल तर मूल शॉटच्या आधीच हात सोडायला लागते.

आता काय करून घ्यायचे ते सांगते. टार्गेटचा कागद उलटा लावा. कोरी पांढरी बाजू, गोल नाही, आकडा नाही. मुलाने कागदाच्या मध्यावर, डोळ्याला जमेल तितपत, शॉट मारायचे. लक्ष फक्त दोन्ही साइटमधल्या सारख्या फटींवर आणि बोटावर. पकडायला दहा नसेल तर 'आत्ता!' होत नाही, आणि ग्रुप, म्हणजे छर्र्यांचा पुंजका, लगेच जवळ येतो. बहुतेक मुलांना स्वतःच्या पांढऱ्या कागदावरचा ग्रुप बघून विश्वास बसत नाही. किमान दोन आठवडे सरावाचा निम्मा वेळ पांढरा कागद ठेवा. मग गोल परत आणलात तरी काळ्याच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून त्या भागात साइट राहू द्या. काळ्याच्या कडेला साइट नेमकी टेकवायचा हट्ट नको, त्यातून पुन्हा पकडापकडी सुरू होते.

याच्या जोडीला 'कॉल'. शॉट सुटल्यावर कागद किंवा स्क्रीन बघायच्या आधी मुलाने सांगायचे: 'आठ, चार वाजता', म्हणजे आठ गुण, घड्याळात चारचा आकडा असतो त्या बाजूला. स्क्रीन असेल तर वर पुठ्ठा लावा. कॉल आणि छर्रा जुळू लागले की समजा मूल साइट बघायला शिकले. गुण कमी असोत. कॉल बरोबर आणि गुण सहा, हा शॉट मला कॉल चुकलेल्या दहापेक्षा जास्त आवडतो, आणि मुलांना मी हे त्यांच्या समोर मोठ्याने सांगते.

तिसरी गोष्ट मुलांना सर्वांत कठीण जाते: न मारता हात खाली आणणे. हात स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. त्यापुढे डोळा थकतो, हात जास्त हलायला लागतो आणि मूल शेवटी सुटका म्हणून ट्रिगर ओढते. सगळ्यांत वाईट शॉट इथून येतात. त्यामुळे आठ सेकंदांनंतर हात खाली, दोन श्वास, पुन्हा वर. एक जुनी वही आहे माझ्याकडे, त्यात मुलांचे गुण नाहीत, कुणी किती वेळा हात खाली आणला एवढेच लिहिले आहे. मुले सुरुवातीला लाजतात, वाटते आपण हरलो. तुम्ही कौतुक केलेत तर पंधरा दिवसांत ती लाज जाते.

तुमची 310 वाली मुलगी बहुधा इथेच अडकली आहे. 310 म्हणजे सरासरी 7.75. काळा गोल 59.5 मिमीचा आणि त्याची सीमा सातवर, म्हणजे तिचे बहुतेक शॉट काळ्यात आहेत. तीन महिन्यांच्या मुलीसाठी ते चांगले आहे, तिला तसे सांगा. आता तिचे जुने कागद काढून दहा-दहाच्या सिरीज बघा. प्रत्येक सिरीजमध्ये एक-दोन चार किंवा पाच सापडतील असे मला वाटते. समजा प्रत्येक सिरीजमध्ये दोन चार आहेत आणि तिने त्यांचे आठ केले. सिरीजला आठ गुण वाढले, 40 शॉटमध्ये 32. 310 चे 342 होतात, एकही नवीन दहा न मारता. ती दहा वाढवायच्या मागे असेल तर तिला चार काढायच्या मागे लावा. आणि ते चार कधी येतात ते बघा. बरेचदा ते आठव्या सेकंदानंतरचे असतात, किंवा लागोपाठ दोन दहांनंतरचे.

हात आणि उभे राहणे यावर मी कमी लिहिते, कारण ते समोर बघून करायचे काम आहे. पाय खांद्याइतके रुंद, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात, अंग ताठ पण आवळलेले नाही. डोळे मिटून हात वर न्यायचा, उघडायचे. पिस्तूल टार्गेटच्या उजवीकडे किंवा डावीकडे असेल तर मागचा पाय सरकवायचा. मनगटाने ओढून आणायचे नाही, ओढलेले मनगट शॉटच्या क्षणी परत जाते. दोन पिस्तुले पाच मुलांमध्ये वाटताना मुठीची अडचण येईल. लहान हाताला मोठी मूठ असली तर बोट ट्रिगरवर सरळ येत नाही, बाजूने ढकलते, आणि मग कितीही पांढरे कागद मारले तरी ते जात नाही. मुठीची खालची पट्टी वर-खाली होते, प्रत्येक मुलाची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. पिस्तूल साधारण किलोभर वजनाचे असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने ते सलग उचलत राहणे खांद्याला बरे नाही. हात थरथरायला लागला की त्या दिवशी संपवा. घरी अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीने हात धरण्याचा सराव चालतो.

साइटचे स्क्रू कुणालाही शॉटगणिक फिरवू देऊ नका. किमान दहा शॉटचा ग्रुप येऊ दे, ग्रुपचा मध्य बघा, मगच दोन क्लिक. बोटाची चूक साइटने भरून काढली तर चूक तशीच राहते आणि साइटही बिघडते.

डावा डोळा चालणाऱ्या मुलाबद्दल. आधी नीट तपासा: दोन्ही तळहातांमध्ये छोटी खिडकी करून दूरच्या वस्तूकडे बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीत राहते तो मुख्य. खरोखरच डावा असेल तर दोन वाटा आहेत. तीन महिनेच झाले आहेत, त्यामुळे त्याला महिनाभर डाव्या हाताने मारून बघायला हरकत नाही, पण मग डाव्या हाताची मूठ लागेल. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात देऊ नका. नाहीतर उजव्याच हाताने, मान किंचित वळवून डाव्या डोळ्याने नेम. पिस्तुलात हे जमते, कारण गाल कशाला टेकवायचा नसतो. मी बहुतेक वेळा दुसरी वाट घेते. बंद करायचा डोळा मिचकावायला सांगू नका, चेहऱ्याचे स्नायू आवळले की दुसऱ्या डोळ्यालाही त्रास होतो. चष्म्याला छोटी अपारदर्शक पट्टी लावा, नियमात ती 30 मिमी रुंदीपर्यंत चालते.

आपल्या हवेचे थोडे. जूनपासून पावसाळाभर मुठीचे लाकूड फुगते आणि तळहात घामाने निसटतो. शेजारी कोरडे फडके ठेवा, प्रत्येक शॉटआधी पुसणे हा मुलाच्या क्रमाचाच भाग होऊ दे. सराव संपला की धातूवर तेलाचा हलका हात, आणि पिस्तूल फोमच्या बंद पेटीत ओले ठेवून घरी जाऊ नका. हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचा, संपली असेल तर वापरू नका. समुद्रात डायव्हिंग करणाऱ्यांच्या कॉम्प्रेसरवर भरून घेत असाल तर हवा कोरडी आणि गाळलेली आहे याची खात्री करा. ऑक्सिजन चुकूनही भरायचा नाही, स्फोट होऊ शकतो. छर्रे शिशाचे असतात. सकाळच्या सरावानंतर मुले थेट भाजीपावावर तुटून पडतात, त्याआधी साबणाने हात धुवायला लावा. आणि छर्रा तोंडात धरायची सवय कुणाला असेल तर ती आजच मोडा.

पालक विचारतील, घरी पिस्तूल घेऊन द्यावे का. 4.5 मिमीच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. .22 च्या काडतुसाच्या पिस्तुलाला लागतो, आणि 25 मीटरचा तो खेळ पुढचा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण त्याच प्रकारात घेतले. पण तुमच्या मुलांना निदान वर्षभर तरी घरी पिस्तूल नको असे मी सांगेन. बराच पैसा घालून आणलेले पिस्तूल घरी आले की घरचे गुण विचारायला लागतात. त्या पैशांतून शाळेसाठी डावी मूठ, लहान मापाची एक मूठ आणि भरपूर छर्रे घ्या.

चवथीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस सराव बंद पडेल. परत आल्यावर पहिल्या दिवशी छर्रा देऊ नका, नुसते हात वर, साइट, रिकामा ट्रिगर, हात खाली. दुसऱ्या दिवशी पांढरा कागद. प्रत्येक मुलाचे पहिले पाच पांढरे कागद तारीख घालून जपून ठेवा आणि डिसेंबरमध्ये काढलेले पाच त्यांच्या शेजारी ठेवून मला फोटो पाठवा. त्या मुलीचे आधी बघायला मला आवडेल.